तिसऱ्या पेटीतला कडू खडा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, वसईतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात घडलेली ही गोष्ट जेमतेम पाच मिनिटांची आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या एक बाई तीन राजांच्या सणाला मुलांचं नाटुकलं बसवत होत्या आणि त्यासाठी सामान घ्यायला आल्या होत्या. सोन्याचा प्रश्न सोनेरी कागदाने सुटला होता. ऊद पुडीत बांधून मिळाला. "आणि काका, गंधरस आहे का?" दुकानदाराने मान हलवली. तसलं काही आपल्याकडे येत नाही, अत्तरवाल्याकडे बघा म्हणाला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी पंचवीस ग्रॅम हिराबोळ मागितला, सुनेचे दिवस भरत आले होते. त्याने मागच्या फळीवरची बरणी काढली आणि तांबूस तपकिरी, धूळ बसल्यासारखे दिसणारे खडे तराजूत टाकले. गल्ल्यावर बसलेले त्याचे वडील तिथूनच म्हणाले, "अरे, गंधरस म्हणजे बोळच की!" मग त्याच बरणीतून दुसरी पुडी बांधली गेली. आजींनी विचारलं, बाय, तुला कशाला गो हा? बाळ येशूला भेटायला आलेल्या तिसऱ्या राजाने हाच आणला होता, असं बाईंनी सांगितलं. आजी क्षणभर थांबल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "बाळाला कशाला देईल? आईसाठी आणला असेल. बाळंतीण ना ती."

ते वाक्य काही केल्या पाठ सोडत नाही.

प्रवचनातून जे ऐकत आलो ते सगळ्यांना पाठ असतं. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मरणासाठी. हा अर्थ कुणा अलीकडच्या प्रवचनकाराने जोडलेला नाही. दुसऱ्या शतकातले ल्योंचे बिशप संत इरेनियस यांनी तो लिहून ठेवला आहे, आणि तेव्हापासून पाळण्याशेजारी ठेवलेल्या त्या तिसऱ्या पेटीवर कबरीची सावली पडलेली आहे. पण ही गोष्ट सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं मूळ वाक्य उघडून पाहिलं (२:११), तर तिथे असं काहीच नाही. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणारे ज्ञानी लोक, घरात गेले, बाळ आपली आई मरिया हिच्याजवळ दिसलं, त्यांनी पाया पडून आपल्या थैल्या सोडल्या आणि सोने, ऊद व गंधरस ही दाने अर्पण केली. कशासाठी, ते नाही. किती, तेही नाही. ते तिघे होते असंसुद्धा मत्तय म्हणत नाही. दानं तीन म्हणून माणसं तीन, एवढाच हिशेब. रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या जुन्या चित्रांत कुठे दोन मागी आहेत, कुठे चार. ते राजे झाले ते स्तोत्र ७२ आणि यशयाचा ६० वा अध्याय यांच्यामुळे, आणि हे दोन्ही उतारे या सणाच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, शुभवर्तमानाच्या आधी वाचले जातात. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कांसावली इथे ६ जानेवारीला मुकुट घातलेली मुलं घोड्यावर बसून देवळाकडे निघतात, ती याच वाचनांतून निघालेली आहेत.

त्या यशयातच एक बारीक फट आहे. "ऊठ, प्रकाशमान हो" असा सुरू होणारा तो उतारा सहाव्या ओवीपर्यंत येतो. तिथे मिद्यान आणि एफा इथल्या उंटांच्या झुंडी येतात आणि शबाहून येणारे लोक सोनं आणि ऊद घेऊन येतात. सोनं आणि ऊद. बस. मत्तयाला जुना करार मुखोद्गत. कुठलं वचन कुठे पूर्ण झालं हे तो पानोपानी सांगतो. त्याच्या यादीत तिसरी वस्तू जास्तीची आहे. मिस्सेत ही दोन वाचनं दहा मिनिटांच्या अंतराने कानांवर पडतात, तरी हा फरक सहसा लक्षात येत नाही, कारण 'सोने, ऊद व गंधरस' हे तीन शब्द आपल्या कानांत एकाच शब्दासारखे बसले आहेत. म्हणून दरवर्षी ऐकलेला उतारा वाचताना एक साधी गोष्ट करावी. दोन्ही उतारे समोरासमोर ठेवून कुठला शब्द एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, त्यावर पेन्सिलने खूण करावी. अर्थ नंतर शोधता येतो.

गंधरस हा शब्द इतका सुवासिक आहे की त्याने आपली थोडी फसगतच केली आहे. नाटुकल्यातल्या तिसऱ्या राजाच्या हातात बहुतेक ठिकाणी अत्तराची कुपी असते, ती त्यामुळेच. प्रत्यक्षात हा एका काटेरी झुडपाचा डिंक. सोमालियात आणि अरबस्तानच्या दक्षिण टोकाला ही झुडपं वाढतात, खोडाला चीर दिली की फिकट चिकट थेंब बाहेर येतात आणि वाळून लालसर होतात. आपला गुग्गुळ हा त्याचा सख्खा भाऊ. उदाचं झाड त्याच कुळातलं, आणि त्याची बहीण साळई आपल्या सातपुड्यात आणि मेळघाटात उभी आहे. खडा फोडला की आतून मेणचट चकाकतो, मध्ये कधी पांढुरक्या रेघा दिसतात. जिभेवर कण ठेवला तर पहिला अर्धा क्षण सुगंध आणि मग बराच वेळ नुसता कडूपणा. निखाऱ्यावर उदाचा खडा टाकला तर तो वितळतो आणि पांढरा धूर सरळ वर जातो. बोळाचा खडा नीट वितळत नाही, फुगतो, फेसाळतो, काळा पडतो आणि त्याचा धूर घशाला लागतो. धुपाटण्यात दोन्ही एकत्र टाकायचे असतील तर उदाच्या चार वाट्यांना बोळाची एक वाटीही जास्त होते. चिमूटभर पुरे. कुटायचा असेल तर मिक्सरच्या वाटेला जाऊ नये. पातं गरम झालं की तो मऊ पडून भांड्याला असा बसतो की खरवडूनही निघत नाही. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी खलबत्त्यात हलक्या हाताने फोडला तर भुगा होतो.

हिब्रूत त्याला 'मोर' म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ 'कडू' या अर्थाच्या शब्दात आहे. इस्राएल लोकांना वाळवंटात जिथलं पाणी पिववेना ती जागा मारा (निर्गम १५:२३). नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमात परतलेली नामी बायकांना सांगते की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा (रूथ १:२०). गाव तेच. बेथलेहेम. एक विधवा ज्या गावात कडू नाव घेऊन आली, त्याच गावात काही शतकांनी परदेशी माणसं कडू खडा घेऊन आली. मत्तयाने हे मुद्दाम जुळवलं असेल, असं म्हणण्याचं धाडस करू नये. पण आपल्या वंशावळीत रूथचं नाव घेऊन ठेवलं आहे ते त्यानेच (१:५).

आता आजींकडे येऊ. महाराष्ट्रातल्या किती घरांत गंधरस हा मरणाचा वास नाही! तो बाळंतिणीच्या खोलीचा वास आहे. शेगडी, ओवा-शेपांचा धूर, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा आणि तो हिराबोळ, हरभऱ्याएवढा खडा गुळात लपेटून. गर्भाशय आकसावं, अंगातला वात सरावा म्हणून देतात. गरोदरपणात मात्र देत नाहीत, नेमक्या याच कारणासाठी, आणि आजकाल बाळंतपणानंतरही डॉक्टरांना विचारूनच द्यावा. एडन आणि सोमालियाकडचा हा माल मुंबई बंदरात पूर्वापार उतरत आला, तिथून गावोगावच्या काष्ठौषधीवाल्यांकडे गेला. म्हणजे मागी लोकांच्या थैलीतली वस्तू आपल्या माजघरात किती पिढ्यांपासून आहे. फक्त शास्त्रपाठाच्या पानावर तिचं नाव वेगळं असल्यामुळे ओळख पटली नाही.

आजींच्या म्हणण्यावर शास्त्र उघडून हरकत घेता येते, आणि घ्यायला हवी. मागी लोक पोहोचले तेव्हा मरिया बाळंतीण होती का? मत्तय गोठा म्हणत नाही, घर म्हणतो. हेरोद राजाने मुलं मारण्याची आज्ञा दिली ती दोन वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांसाठी, आणि तीही मागी लोकांकडून तारा दिसल्याची वेळ नीट विचारून घेतल्यावर. म्हणजे बाळ दुडुदुडु चालायला लागलं असण्याचीही शक्यता आहे. लूकच्या शुभवर्तमानातला एक तपशील याला जोडून पाहिला जातो. चाळीस दिवस भरल्यावर मरिया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन गेले तेव्हा त्यांनी वाहिली ती पक्ष्यांची जोडी. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायाप्रमाणे ती गरिबाची सवलत, ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी. सोन्याची थैली घरात आली असती तर पक्ष्यांची जोडी कशाला? म्हणून मागी त्यानंतर आले असावेत, असं मानणारे पुष्कळ. तेव्हा आजींचा खडा बाळंतिणीला उशिराच मिळाला असणार. पण या हरकतीच्या निमित्ताने लेवीयच्या त्या पानावर जावं लागतं, आणि तिथे एक आकडा वाट पाहत उभा असतो. मुलगा झाला तर सात दिवस आणि वर तेहेतीस दिवस. मिळून चाळीस.

चाळीस दिवस. आपला सव्वा महिना.

इथून पुढे राखेच्या बुधवाराकडे, म्हणजे ज्या दिवशी कपाळाला राख लावून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाकडे, पाहण्याची नजरच बदलते. उपवासकाळ मनात येतो तो सुतकासारखा. जांभळी वस्त्रं, आलेलुया बंद, वेदीवर फुलं नाहीत, लग्नं नाहीत, आवाज खाली. पण चाळीस दिवस हा शास्त्रात बाळंतिणीचाही काळ आहे, आणि हे चाळीस दिवस सुरुवातीच्या ख्रिस्तसभेत नेमके कुणासाठी होते ते आठवून पाहावं. ईस्टरच्या रात्री ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा त्यांच्या तयारीसाठी. नव्याने जन्मणाऱ्यांसाठी. बाकीचे त्यांच्याबरोबर उपास करत, घरात बाळंतीण असली की सगळं घर हळू बोलतं तसे. मग शुक्रवारी मांस नाही, १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पोटभर जेवण, १४ वर्षांपासून पुढे मांस वर्ज्य, हे सगळे नियम शिक्षा म्हणून वाचण्याऐवजी पथ्य म्हणून वाचता येतात. पथ्य पाळणारं माणूस खंगत नाही, भरून येतं.

हे नुसतं मनात छान वाटून उपयोगाचं नाही, शास्त्रात त्याला आधार हवा. तो आहे, आणि अगदी अनपेक्षित ठिकाणी. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम रात्री येशूकडे येतो. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसणार नाही, हे ऐकून तो गोंधळतो आणि विचारतो की म्हातारा झालेला माणूस आईच्या उदरात पुन्हा जाऊन जन्म घेऊ शकेल काय? प्रश्न बाळबोध वाटतो म्हणून आपण तो भरभर ओलांडतो. निकदेम पुढे सातव्या अध्यायात एकदा चाचरत बोलतो आणि मग थेट एकोणिसाव्यात, संध्याकाळी, क्रुसाखाली दिसतो. त्याच्याबरोबर गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण आहे, सुमारे शंभर लित्रा (१९:३९). रोमन लित्रा म्हणजे ३२७ ग्रॅमच्या आसपास, तेव्हा हे ओझं साधारण ३३ किलो. दुकानातल्या पंचवीस ग्रॅमच्या तेराशे पुड्या! एकट्याने उचलून आणणं म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही, गडी किंवा जनावर लागलं असणार. संपूर्ण नव्या करारात जन्माबद्दल इतका रोखठोक, इतका शारीर प्रश्न विचारणारा माणूस एकच, आणि कबरीपाशी गंधरस घेऊन येणाराही तोच. योहानाने एकोणिसाव्या अध्यायात मुद्दाम आठवण करून दिली आहे, पूर्वी रात्री आला होता तो हाच म्हणून. तो प्रश्न विसरू नका, असंच जणू तो सुचवतो.

एकच शब्द हाती धरून सणापासून सणापर्यंत चालत जाणं, हा शास्त्र वाचण्याचा फार जुना आणि फार फळ देणारा मार्ग आहे. गंधरस धरला तर निर्गम ३०:२३ मध्ये तो अभिषेकाच्या तेलात सापडतो. पाचशे शेकेल, म्हणजे साडेपाच-सहा किलो, आणि दालचिनी त्याच्या निम्मी. ख्रिस्त या शब्दाचा अर्थच अभिषिक्त, तेव्हा पाळण्याशेजारचा बोळ याही वाटेने आलेला असू शकतो. एस्तेरच्या दुसऱ्या अध्यायात राजाकडे जाण्याआधी सहा महिने अंगाला लावायचं तेल गंधरसाचं. स्तोत्र ४५ मध्ये नवरदेवाच्या वस्त्रांना त्याचा वास. गीतरत्नात प्रियकर म्हणजे उराशी बाळगलेली गंधरसाची पुडी. अभिषेक, लग्न, प्रेम, आणि मग क्रूस. इतक्या ठिकाणी फिरून आल्यावर 'गंधरस म्हणजे मरण' हे समीकरण तोकडं वाटायला लागतं.

या वाटेवर एक धोका आहे, तो सांगायला हवा. शब्द धरून चालणाऱ्याला सगळीकडे सांधेजोड दिसायला लागते. मत्तयाने पाळण्याशी गंधरस ठेवला, मग क्रुसाशीही तोच ठेवला असणार, असं आपण गृहीत धरतो. पुस्तक उघडून पाहावं. गुलगुथा इथे, क्रुसावर देण्याच्या जागी, येशूला देऊ केलेल्या द्राक्षारसात गंधरस मिसळला होता, असं म्हणतो तो मार्क (१५:२३). मत्तय त्याच प्रसंगी पित्त म्हणतो (२७:३४), कारण त्याच्या मनात स्तोत्र ६९ आहे. म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मत्तयाच्या वर्षी येशूचं दुःखसहन वाचलं जातं तेव्हा त्या पेल्यात पित्त असतं, आणि मार्काच्या वर्षी गंधरस. तीन वर्षांच्या वाचनक्रमात २०२६ हे मत्तयाचं वर्ष, २०२७ मार्काचं. एखाद्याने आपल्या मनातली सुबक गोष्ट पुरी करण्यासाठी मत्तयाच्या तोंडी मार्काचा शब्द घातला, तर दोघांचंही ऐकणं बंद होतं. शिवाय दोघेही सांगतात की तो प्याला त्याने नाकारला. मत्तयात चाखून, मार्कात न घेताच. वेदना बधिर करण्यासाठी असा पेला देण्याची ज्यू रीत तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात नोंदली आहे. तिथे द्राक्षारसात घालायचा कण उदाचा आहे. जे औषध आईला चालतं ते त्या घटकेला त्याने स्वतःसाठी घेतलं नाही. यावर बोलण्यासारखं फार नाही, बसून राहण्यासारखं आहे.

रोजच्या वाचनाबद्दल थोडं. उपवासकाळात अख्खं बायबल वाचण्याचा संकल्प दरवर्षी कुणी ना कुणी करतो आणि तो लेवीयच्या आसपास मोडतो. कारण श्रद्धा कमी पडते असं नाही, गणित चुकतं. प्रोटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय, चाळीस दिवसांत म्हणजे दिवसाला तीस, आणि कॅथलिक बायबलात त्याहून जास्त. कामाच्या माणसाला हे होत नाही, आणि झालं तरी डोळे पळतात, कान बंद राहतात. त्याऐवजी फक्त मार्क घ्यावा. सोळा अध्याय, सुमारे ६७८ ओव्या, दिवसाला सतरा. मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटं. रविवार सोडावेत. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार वगळूनच चाळीस होतात, आणि आठवड्यात एखादा दिवस हुकला तर तो रविवारी भरून निघतो. मोठ्याने मात्र वाचावं. आपल्या भाषेत हा इतिहास आलाच मुळी कानांसाठी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूरला छापलेलं क्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे, कारण ते म्हणून दाखवायचं होतं. एकदा वाचून झालं की तोच उतारा दुसऱ्यांदा हळू वाचावा, जिथे जीभ अडखळेल तिथे थांबावं, आणि त्या शब्दापुढे नुसती दोन मिनिटं काढावीत. लगेच अर्थ सांगणाऱ्या पुस्तकाकडे हात गेला की अडखळलेली जागा बुजून जाते.

ज्यांना तीन राजांच्या सणापासूनच सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी २०२६ चं कॅलेंडर विलक्षण सोयीचं होतं. चार शुभवर्तमानांचे अध्याय मिळून ८९, आणि ६ जानेवारीपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवसही बरोबर ८९. रोज एक अध्याय. मत्तयाचं शुभवर्तमान संपतं २ फेब्रुवारीला, बाळाला मंदिरात नेल्याच्या सणाला, जन्मापासून चाळिसाव्या दिवशी. पण सरळ मोजत गेलं तर गुड फ्रायडेला योहानाचा विसावा अध्याय येतो, म्हणजे क्रुसाच्या दिवशी रिकामी कबर. म्हणून राखेच्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, नेहमीचा अध्याय बाजूला ठेवून त्या दिवसाचंच वाचन घ्यावं. तेवढ्या एका दिवसाने सगळं जागेवर येतं. २ एप्रिलच्या गुरुवारी रात्री बागेतली अटक, शुक्रवारी क्रूस आणि निकदेम, शनिवारी काहीच नाही, आणि ५ तारखेच्या पहाटे विसावा अध्याय. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला येतं, तेव्हा आठ दिवस कमी पडतात आणि आठ दिवशी दोन-दोन अध्याय घ्यावे लागतात. ते वंशावळीच्या आणि दाखल्यांच्या भागात घ्यावेत, शेवटच्या आठवड्यात नकोत.

राखेचं काम हाताने केलेलं बरं. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या घराघरांतून, क्रुसामागून, देव्हाऱ्यातून परत येतात. त्या आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकाव्यात, कारण वरून वाळलेल्या दिसल्या तरी विणलेल्या क्रुसाच्या पिळात ओल राहते आणि मग नुसता धूर होऊन अर्धवट कोळसा उरतो. लोखंडी घमेल्यात थोड्या थोड्या जाळाव्यात, काळे तुकडे पुन्हा पेटवावेत, पूर्ण गार झाल्यावर खलात कुटून मलमलीतून गाळावं. टोपलीभर पातींची वाटीभरसुद्धा राख होत नाही, आणि तेवढी सबंध धर्मग्रामाला पुरते. कपाळावर टिकत नाही म्हणून कुणीतरी त्यात पाणी घालतं, आणि इथेच चूक होते. राखेतल्या क्षारांत पाणी मिसळलं की जुन्या काळी भांडी घासायला वापरायचे तसलं दाहक पाणी तयार होतं. ते तासभर मुरलं की मुलांच्या कपाळावर लाल चट्टे उठतात, क्वचित कातडी भाजतेही. कोरडी लावावी, किंवा खोबरेल तेलाचे चार थेंब, तेही लावण्याच्या वेळी. ती लावताना दोनपैकी एक वचन म्हटलं जातं. तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील, किंवा पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. पहिलं उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, आणि त्याच अध्यायात तीनच ओव्या आधी बाळंतकळांचा उल्लेख आहे. माती आणि कळा. हे आजवर कधी एकत्र वाचलं नव्हतं.

आणि पाचव्या रविवारी, मत्तयाच्या वर्षी, लाजराचा अध्याय. मार्था म्हणते, दगड काढू नका, चार दिवस झाले, आता वास येत असेल. पुढच्याच अध्यायात, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, तिची बहीण मरिया एक लित्रा शुद्ध जटामांसीचं तेल येशूच्या पायांवर ओतते आणि सगळं घर सुवासाने भरतं. मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई, कारण यहूदा त्याची किंमत तीनशे दिनार सांगतो आणि दिवसाची मजुरी एक दिनार. जटामांसी हिमालयातली. तिची केसाळ मुळं त्याच काष्ठौषधीच्या दुकानात, हिराबोळाच्या बरणीपासून दोन-तीन बरण्या पलीकडे असतात. अगरूची ढलपी बहुधा त्याच्याही वर. उपवासकाळाची शेवटची वाचनं नाकाने ओळखायची असतील तर एकदा त्या फळीसमोर उभं राहावं. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी हे शब्द निवडताना आपला बाजार किती बारकाईने पाहिला होता, ते तिथे कळतं.

त्या दिवशी दुकानदाराने दोन्ही पुड्या एकाच वर्तमानपत्राच्या कागदात बांधल्या. आजींनी आपली पुडी कनवटीला खोचली, बाईंनी आपली पिशवीत उदाशेजारी ठेवली. बाई सुट्टे पैसे मोजत होत्या तेव्हा आजी पायरी उतरता उतरता मागे वळल्या. राजांची गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. "पण बाय," त्यांनी विचारलं, "किती द्यायचा, कशातनं द्यायचा, ते सांगून गेले का गो तिला? बापई माणसं ती, दूर देशची. आणि तिच्याजवळ तर तिची आईसुद्धा नव्हती."